जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांची ढिली बेअरिंग: बडोद्यातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा या भागांतल्या मराठी घरांसमोर अजूनही एखादी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा काँटेसा झाकून ठेवलेली दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि आता नातवंडांनी चालू ठेवलेली. या गाड्यांच्या मालकांकडून पुढच्या चाकांबद्दल तेच ते प्रश्न सतत येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा भर एकाच गोष्टीवर आहे: बेअरिंगचा (चाक ज्या छर्ऱ्यांवर किंवा रोलरवर मोकळं फिरतं त्या भागाचा) नट जोर लावून आवळायचा नसतो, मोजून बसवायचा असतो. आणि नटाला हात लावण्याआधी दोष खरोखर बेअरिंगचाच आहे याची खात्री करायची असते.

चाक हाताने हलवलं की खुळखुळतं. बेअरिंग ढिलं झालंय हे नक्की कसं ओळखायचं?

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून पाचर) लावा. पुढची बाजू जॅकने उचला आणि लगेच खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाला झटके देऊ नका, खाली वाकणं तर दूरच.

आता चाक घड्याळाच्या तबकडीसारखं समजा. एक हात बाराच्या जागी, दुसरा सहाच्या जागी धरून चाक आत-बाहेर हलवा. मग नऊ आणि तीनच्या जागी हात धरून तेच करा. दोन्ही वेळा सारखंच हलत असेल तर संशय बेअरिंगवर जातो. फक्त नऊ-तीनला हलत असेल आणि त्याबरोबर स्टिअरिंगचा दांडा हलताना दिसत असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचे सांधे बघा. फक्त बारा-सहाला हलत असेल तर ते बेअरिंगही असू शकतं आणि किंग पिन किंवा बॉल जॉइंटही, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो सांधा.

हा शेवटचा गोंधळ सोडवायला एक माणूस मदतीला घ्या. त्याला ब्रेक पॅडल घट्ट दाबून धरायला सांगा आणि तुम्ही पुन्हा बारा-सहाला चाक हलवा. ब्रेक दाबला की शू ड्रमला पकडतात, त्यामुळे हब (चाकाचा मधला फिरता गाभा) आणि बॅकप्लेट (ब्रेकची न फिरणारी मागची तबकडी) एक होतात आणि बेअरिंगमधला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, तात्पुरता झाकला जातो. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट गेलेला आहे, आणि बेअरिंगचा नट कितीही फिरवला तरी ती जाणार नाही. ही परीक्षा न करता नट आवळल्यामुळे चांगली बेअरिंग जळतात आणि झिजलेला किंग पिन तसाच राहतो. मिनिटभराचं काम आहे, कधीही टाळू नका.

मदतनीस नसेल तर बॅकप्लेट आणि ड्रमची कड यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवून चाक हलवा. ड्रम बॅकप्लेटपासून वेगळा हलत असेल तर बेअरिंग. दोघं मिळून हलत असतील तर दोष आणखी आत, सस्पेन्शनकडे आहे.

गाडी चालवताना ढिलं बेअरिंग कळतं का?

कळतं, पण हळूहळू होत असल्यामुळे मालकाला सवय होऊन जाते. नव्या माणसाला गाडी चालवायला दिली की तो पहिल्या चौकातच सांगतो. सरळ रस्त्यावर गाडी जरा भरकटते, स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. खड्ड्यावरून गेल्यावर पुढून टकटक येते. ब्रेक लावल्यावर गाडी कधी एका बाजूला ओढते, कधी नाही. टायर एका कडेने किंवा खाचाखाचांनी झिजतो.

पुढे डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक खूण मिळते. ढिल्या हबबरोबर डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. त्यामुळे वळणानंतर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पॅडल खोल जातं, दुसऱ्यांदा दाबल्यावर बरोबर जागी येतं. लोक ब्रेकमधली हवा काढत बसतात, मास्टर सिलिंडर बदलतात. त्याआधी चाक हलवून बघा.

घरघर येते. ती टायरची की बेअरिंगची, आणि कुठल्या बाजूची?

टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर गेलात की सूर वेगळा लागतो. बेअरिंगचा आवाज रस्त्याकडे बघत नाही, तो वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून नुसती वाहू द्या, पण इंजिन बंद करू नका. इंजिनचा वेग खाली आला तरी घरघर तशीच राहिली तर ती चाकांकडची.

बाजू ओळखायला सौम्य वळणं उपयोगी पडतात. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. उजव्या वळणात आवाज वाढला तर डावं बेअरिंग बघा, डाव्या वळणात वाढला तर उजवं. गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. सकाळी लवकर समा-सावली रस्त्याच्या मोकळ्या भागात सहज जमतो.

घरी खात्री करायची असेल तर चाक उचला, एका हाताने फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट जाणवते. दोन्ही बाजूंची तुलना केली की फरक लगेच कळतो. लीफ स्प्रिंगच्या गाडीत हीच खरखर हातात इतकी चांगली येत नाही. तिथे लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्टब एक्सलच्या (हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्याच्या) मुळाशी टेकवून मूठ कानाला लावा. फिरत्या भागांपासून मात्र तो लांब ठेवा.

माझ्या गाडीतलं बेअरिंग अ‍ॅडजस्ट होतं की थेट बदलावं लागतं?

ते गाडीच्या नावापेक्षा आत काय बसवलं आहे त्यावर ठरतं.

मागच्या चाकांनी चालणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतात, आत मोठं, बाहेर लहान. त्यांची निमुळती तोंडं एकमेकांसमोर असतात. बाहेरचा नट फिरवला की बाहेरच्या बेअरिंगचा कोन (एक्सलवर बसणारं, रोलर असलेलं आतलं कडं) आत सरकतो आणि दोन्ही बेअरिंगमधली मोकळीक कमी-जास्त होते. स्टँडर्ड हेराल्ड या प्रकारची. हीच बेअरिंग अ‍ॅडजस्ट होतात आणि पुढचं बहुतेक लिखाण त्यांच्याबद्दल आहे.

मॉरिस मायनरसारख्या काही गाड्यांत मूळचे बॉल बेअरिंग असतात आणि दोघांच्या मध्ये एक लोखंडी नळी, म्हणजे स्पेसर असतो. तिथे नट पूर्ण आवळायचा असतो, मोकळीक स्पेसरची लांबी ठरवते. अशी जोडी खुळखुळली तर बेअरिंग झिजलेलं आहे. नटाने काही साधत नाही, नवंच घालावं लागतं. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी इतकी वर्षं बनत राहिल्या आणि इतक्या हातांतून गेल्या आहेत, की हब उघडून आत छर्रे आहेत की रोलर हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

मारुती ८०० पुढच्या चाकांनी चालते. तिचा मोठा हब नट ठरलेल्या टॉर्कला घट्ट बसवायचा असतो. तिथे अ‍ॅडजस्टमेंट नाही, चाक खुळखुळलं की बेअरिंग प्रेसवर काढून नवं बसवायचं. महिंद्राच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपमध्ये टेपर रोलर असतात, पण एकाऐवजी दोन नट आणि मधे वाकवायचा लॉक वॉशर असतो. आतल्या नटाने मोकळीक बसवतात, बाहेरच्याने ती पक्की करतात. बाहेरचा नट आवळला की आतली मोकळीक थोडी बदलते, म्हणून तिथे शेवटी पुन्हा एकदा मोजावं लागतं.

थोडा प्ले ठेवायचा म्हणतात. किती? आणि का ठेवायचा?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

टेपर रोलरच्या पुढच्या हबला साधारणपणे ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर आत-बाहेर मोकळीक लागते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा असेल तर तोच प्रमाण माना. ही मोकळीक उष्णतेसाठी आहे. गाडी चालली, ब्रेक लागले की ड्रम आणि हब तापतात, बेअरिंग तापतात, धातू फुगतो. थंड असताना मोकळीक शून्य ठेवली तर गरम झाल्यावर रोलर दाबले जातात, त्यांच्यामधून ग्रीसचा थर पिळून निघतो, आणखी उष्णता तयार होते आणि बेअरिंग जळतं. मे महिन्यात, बडोद्याचा पारा बेचाळिशी ओलांडतो त्या दिवसांत पावागडला जाऊन उतारावर ब्रेक दाबत खाली आलात, तर ही साखळी फार लवकर पुरी होते.

ढिलं बेअरिंग आवाज करून, डुलून, आधी कितीतरी सूचना देतं. जास्त आवळलेलं बेअरिंग गप्प राहतं, चाक हातात अगदी छान घट्ट वाटतं आणि एके दिवशी रस्त्यातच पकडतं. म्हणून शंका असेल तेव्हा मी मोकळ्या बाजूला राहतो. बरोबर बसवलेल्या हबमध्ये बारा-सहाला हलवल्यावर अगदी पुसट टकटक हाताला लागते. ती असूच द्या. ती घालवण्यासाठी नट आणखी फिरवू नका.

आकड्याचा अंदाज येण्यासाठी: नटाचे आटे १.५ मिलिमीटर पिचचे असतील तर पूर्ण एका फेऱ्याला नट दीड मिलिमीटर सरकतो. ०.०५ मिलिमीटर म्हणजे केवळ १२ अंश, घड्याळात मिनिट काटा दोन मिनिटांत जेवढा सरकतो तेवढं. पाव फेरा इकडे-तिकडे म्हणजे ०.३७ मिलिमीटर, मर्यादेच्या जवळपास तिप्पट. अंदाजाने "थोडासा" फिरवला म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून बघावा.

मिस्त्री विचारतात, "साहेब, टाइट करी दउं?" काय सांगायचं?

"ना" म्हणा आणि शेजारी उभे राहा. आपल्याकडचे जुने मिस्त्री हाताचे पक्के आहेत आणि त्यातल्या अनेकांनी पद्मिनी डोळे मिटून उघडल्या आहेत. पण नव्या गॅरेजमधल्या मुलांनी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत हब नट पूर्ण जोर लावून आवळतात. तीच सवय ते जुन्या गाडीवर वापरतात, त्यांचा दोष नाही. कामाआधीच नीट सांगा: हे टेपर रोलर आहे, आधी बसवायचं, मग सैल करायचं, मग हाताने लावायचं. हवेच्या दाबावर चालणारी न्यूमॅटिक गन या नटावर वापरू द्यायची नाही. सांगितलं की ऐकतात, आणि चांगला कारीगर उलट खूश होतो.

घरी करायचं तर काय काय लागतं?

जॅक, दोन स्टँड, उटी, नटाच्या मापाचा पाना, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, नव्या स्प्लिट पिना, चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस, रॉकेल, धागे न सुटणारी स्वच्छ फडकी. हब उघडणार असाल तर नवं ऑइल सील आधीच आणून ठेवा. चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण) मिळाला तर उत्तम.

एक इशारा. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

अ‍ॅडजस्टमेंटची नेमकी पद्धत काय?

गाडी स्टँडवर घेऊन चाकाची टोपी आणि हबची ग्रीस कॅप काढा. कॅपच्या कडेने फिरत फिरत हळू ठोकलं की ती वाकडी न होता निघते. आतलं ग्रीस पुसून बघा. काळं झालं असेल, त्यात चमकणारी धातूची कणी असेल किंवा दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर अ‍ॅडजस्टमेंट इथेच थांबवा. आधी हब उघडून बेअरिंग तपासावं लागेल.

नटाच्या खाचेतून आणि एक्सलच्या भोकातून जाऊन नटाला फिरू न देणारी स्प्लिट पिन सरळ करून काढा. ती पुन्हा वापरायची नाही. पाना लावण्याआधी आटे नीट बघा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या स्टब एक्सलला उलटे आटे असतात आणि न बघता जोर केला तर आटेच मोडतात.

आता चाक एका हाताने सतत फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने नट आवळा, साधारण २० ते ३० न्यूटन मीटरपर्यंत. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्यावर एका हाताचा मध्यम जोर पुरतो. चाक फिरवत आवळण्याला कारण आहे: रोलर आपल्या जागेवर, कोनाच्या जाड कडेला टेकून सरळ बसतात. चाक स्थिर ठेवून आवळलं तर ते तिरके राहतात, माप खोटं येतं आणि शंभर किलोमीटरमध्ये पुन्हा खुळखुळ सुरू होते. "परवाच अ‍ॅडजस्ट केलं होतं, परत ढिलं झालं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

मग नट पूर्ण सैल करा, हब मोकळा होऊ द्या. आता पाना बाजूला ठेवून नट फक्त बोटांनी फिरवा, टेकेपर्यंत. इथे मोकळीक जवळपास शून्य आहे. इथून नट मागे घेत जवळची खाच स्टब एक्सलच्या भोकासमोर आणा. हब आत-बाहेर ढकलून डायल गेजवर माप घ्या. गेजचा पाया ड्रमवर आणि टोक स्टब एक्सलच्या शेवटाला.

डायल गेज नसेल तर जुन्या मिस्त्रींची परीक्षा वापरा. नटाच्या मागच्या जिभेच्या वॉशरला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने, तरफ न लावता, नुसतं बाजूला ढकला. माप बरोबर असेल तर तो जरा दाबाने सरकतो. अजिबात हलला नाही तर घट्ट आहे. स्वतःहून लोंबत असेल तर जास्त ढिला. हाताची सवय झाली की ही परीक्षा गेजच्या फार जवळ जाते.

नवी स्प्लिट पिन घालून पाय नीट वाकवा, ते कॅपला घासता कामा नयेत. कॅप बसवा, चाक लावा, चाकाचे नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळा. गाडी खाली आल्यावर ते शेवटचे एकदा पुन्हा आवळा.

खाच आणि भोक समोरासमोर येतच नाहीत. मग?

सहा खाचांच्या नटात दोन खाचांमध्ये ६० अंश असतात. १.५ मिलिमीटर पिचला म्हणजे ०.२५ मिलिमीटर. आपल्याला हवी असलेली मर्यादा त्याच्या निम्मी आहे, त्यामुळे ही अडचण वारंवार येणारच. बऱ्याच कारखान्यांनी म्हणूनच एक्सलला काटकोनात दोन भोकं दिली, किंवा नटावर बसणारी वेगळी खाचांची टोपी दिली, म्हणजे पायरी लहान होते.

तुमच्या गाडीत एकच भोक असेल तर पिन बसवण्यासाठी नट पुढे आवळू नका. मागे घ्या आणि मोजा. मागे घेतल्यावर मर्यादेबाहेर जात असेल तर वॉशर काढून काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासा. काही शतांश मिलिमीटर उतरले की खाच जागेवर येते. दुसऱ्या बाजूचा नट अदलाबदल करूनही कधी जमतं, आटे एकाच दिशेचे असतील तर. हे काम सावकाशीचं आहे आणि इथे घालवलेला वेळ वाया जात नाही.

बेअरिंग अ‍ॅडजस्ट करून चालेल की बदलावंच लागेल, हे उघडल्यावर कसं ठरवायचं?

रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, वाळवून उजेडात बघा. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका. कोरडं बेअरिंग त्या वेगाला फुटतं आणि रोलर गोळीसारखे उडतात.

रोलर आणि कपाचा (हबमध्ये बसणाऱ्या बाहेरच्या कड्याचा) पृष्ठभाग एकसारखा, राखाडी, गुळगुळीत असेल तर ते बेअरिंग अजून चालेल. पृष्ठभागाचे टवके उडाले असतील, बारीक खड्डे असतील, तर बदला. रोलरच्या अंतरावर समांतर रेघांसारखे ठसे असतील तर गाडी एका जागी उभी राहून गंज लागलेला आहे किंवा हातोडीचा मार बसलेला आहे, बदला. निळी-तपकिरी झाक म्हणजे ते जळालं होतं, बदला, आणि का जळालं ते शोधा. रोलर धरून ठेवणारा पिंजरा वाकला असेल तर बदलायचंच, प्रश्नच नाही.

कप आणि कोन नेहमी जोडीने बदलायचे. जुन्या कपात नवा कोन घातला तर जुन्याची झीज नव्याला लागते. स्टब एक्सलवर कोन फिरून खोबण पडली असेल तर कुठलंही बेअरिंग टिकणार नाही, तो एक्सल बदलायला हवा.

नवं बेअरिंग घेताना नंबर कसा वाचायचा?

गाडीच्या नावाने मागू नका, जुन्या कपावरचा आणि कोनावरचा नंबर लिहून न्या. मिलिमीटर मापाच्या टेपर रोलरमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो: ३०२०५ म्हणजे २५ मिलिमीटर, ३०२०४ म्हणजे २०. इंची मापात कप आणि कोनाचे नंबर वेगवेगळे असतात. उदाहरणार्थ एलएम ११९४९ हा कोन आणि एलएम ११९१० हा त्याचा कप, आतला व्यास १९.०५ मिलिमीटर. जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात.

बेअरिंगच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. आपल्या बडोद्यातल्या माणेजाच्या कारखान्यात साठच्या दशकापासून बेअरिंग बनतात. आधी एफएजी आणि आता शेफलर इंडिया म्हणून तो ओळखला जातो. तिथे आयुष्यभर काम केलेली माणसं आपल्या मराठी घरांतही आहेत. ओळखीत असे कोणी काका असतील तर जुनं बेअरिंग त्यांच्या हातात द्या. कपावरचा घासलेला पट्टा बघून ते भार कुठून पडला, नट घट्ट होता की ढिला, हे सांगू शकतात. हे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही.

नकली माल ओळखायला छपाई बघा. नंबर पुसट, खोक्यावर एक आणि बेअरिंगवर दुसरा, गंजरोधक तेलाचा लेप नाही, असं काही दिसलं तर परत करा.

कप बसवताना काय सांभाळायचं?

जुना कप हबच्या आतल्या खाचांतून, पितळी दांड्याने, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकून काढा. नवा कप थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब गरम पाण्यातून काढून कोरडा करा, म्हणजे कप सहज उतरतो. सरळ ठोकत जा. तळाला टेकला की हातोडीचा बद्द आवाज बदलून कणखर होतो. पोलादी छिन्नी कपाच्या आतल्या पृष्ठभागाला लागली तर तो कप गेला असं समजा.

ग्रीस कोणतं आणि किती?

लिथियम कॉम्प्लेक्सचं, एनएलजीआय २ किंवा ३ दर्जाचं (हा आकडा ग्रीसचा घट्टपणा सांगतो), डब्यावर चाकाच्या बेअरिंगसाठी असं लिहिलेलं. चेसिसच्या निपलमध्ये भरायचं स्वस्त कॅल्शियम ग्रीस साधारण १०० अंश सेल्सिअसला वितळतं, लिथियम कॉम्प्लेक्स २५० च्या पुढे. हबमध्ये कॅल्शियम ग्रीस वितळून वाहिलं की ते थेट ब्रेक शूवर जातं. दोन जातींची ग्रीस मिसळू नका, जुनं पूर्ण धुऊन काढा.

तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. पूर्ण फेरी अशी करा. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच. खच्चून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून बाहेर येतं. कॅप भरायची नाही.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. आवाज काही येत नाही. तरी उघडायचं का?

हो, उघडायचंच. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आपल्याला आठवतो. लोकांनी इंजिन ऑइल बदललं, सीट वाळवल्या, वायरिंग तपासलं. हबकडे फार थोड्यांनी पाहिलं.

जुन्या गाडीचं सील धूळ आणि शिंतोडे अडवायला बनवलेलं असतं, पाण्याखाली राहायला नाही. तासन् तास बुडालेल्या हबमध्ये पाणी शिरतंच. चालत असलेली गाडी पाण्यात गेली तर आणखी लवकर: गरम हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस पांढुरकं होतं, रोलर आणि कप जिथे टेकतात तिथे गंजाच्या रेघा पडतात. सुरुवातीला आवाज नसतो. काही महिन्यांनी त्या रेघांवरून टवके उडू लागतात आणि तेव्हा पुराची आठवणही कोणाला नसते.

पाणी हबच्या मध्यापर्यंत आलं असेल तर ओसरल्यावर शक्य तितक्या लवकर दोन्ही हब उघडा, धुवा, तपासा, नवं ग्रीस आणि नवी सील घाला. मागच्या पुरातून गेलेली गाडी विकत घेत असाल तर ग्रीस कॅप काढून दाखवायला सांगा. विकणाऱ्याला त्यात वाईट वाटण्याचं कारण नाही.

ढिल्या बेअरिंगवर गाडी किती चालवता येईल?

पुसट खुळखुळ असेल तर हळू वेगाने गॅरेजपर्यंत. घरघर, तापलेला हब किंवा डोळ्यांना दिसणारं डुलणं असेल तर अजिबात नाही, गाडी टो करून न्या. बेअरिंग फुटलं तर हब थेट स्टब एक्सलवर घासतो आणि चाक गाडी सोडून जाऊ शकतं. अशा गाडीने अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर जाणं म्हणजे स्वतःचा आणि मागून येणाऱ्यांचा जीव धोक्यात घालणं आहे.

काम झाल्यावर कसं तपासायचं, आणि पुन्हा कधी?

दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक लावत, चालवून या आणि हबच्या मध्यावर हात जपून न्या. आधी जवळ धरून आच घ्या, मग टेकवा. कोमट असेल तर ठीक. दोन्ही बाजूंत ठळक फरक असेल किंवा हात टेकवता येत नसेल, तर चाक उचलून फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेक शू घासतोय की नट घट्ट आहे हे वेगळं करा: ब्रेकचा अ‍ॅडजस्टर सैल करून चाक मोकळं झालं तर ब्रेक, नाही झालं तर नट.

नवी बेअरिंग घातली असतील तर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, कारण कप आणखी किंचित बसतात. नंतर दर सर्व्हिसिंगला बारा-सहाची परीक्षा पुरे. ग्रीसचं म्हणाल तर पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, पण आपल्या गाड्या वर्षाला फार चालत नाहीत आणि उभं राहूनही ग्रीस सुकतं. त्यामुळे मी दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, दोन्ही हब उघडायला सांगतो. मापं एका वहीत तारखेसह लिहून ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी नट फिरवणाऱ्याला मागचा आकडा हातात मिळेल.